पदवी झाली, संसार झाला. आता नर्स होता येईल का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पावसाळ्याचे दिवस होते. दवाखान्यातली गर्दी ओसरली होती आणि मी उठण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात ओळखीच्या एक बाई आत आल्या. वय तेहेतीस. बी.ए. झालेल्या. पती सहा वर्षांपूर्वी अपघातात गेले. पदरी दहा वर्षांचा मुलगा. तालुक्याच्या एका पतसंस्थेत कारकुनी करून घर चालवीत होत्या.

त्यांच्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला होता व त्या माझ्याच औषधोपचाराखाली होत्या. चौदा महिने अंथरुणावर होत्या. मी पंधरा दिवसांतून एकदा घरी जाऊन पाहत असे. वाचकहो, लकव्याचा रोगी वर्षभर अंथरुणाला खिळला की पाठीला, कमरेला जखमा होतात, हे आम्हां डॉक्टरांना जवळजवळ ठरलेलेच वाटते. पण या म्हातारीच्या अंगावर चौदा महिन्यांत एकही जखम झाली नाही. कारण सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे रेघा ओढून तक्ता केला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तिथे खूण करायची. दिवसा शेजारची मुलगी, संध्याकाळी नातू, रात्री गजर लावून स्वतः. म्हातारी मला म्हणायची, "सून न्हाई डागदर, लेक हाय माजी."

सासूबाई गेल्या. त्यांचे दिवसपाणी उरकल्यावर बाई मला विचारावयास आल्या होत्या, "डॉक्टरसाहेब, मला नर्स होता येईल का?"

मी काय उत्तर दिले ते सांगायला मला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, "अहो ताई, आता या वयात? ते बारावी झालेल्या पोरींचं शिक्षण. तुम्ही पदवीधर आहात, त्यापेक्षा बी.एड.चं बघा." त्या "बरं" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

आमच्या दवाखान्यात अठरा वर्षांपासून काम करणाऱ्या सिस्टर हे ऐकत होत्या. बाई गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, मी नर्सिंगला गेले तेव्हा दोन लेकरांची आई होते. तुम्ही कधी विचारलंच नाही."

खरोखरच मी कधी विचारले नव्हते. आणि नियम काय आहेत हेही मला नीट ठाऊक नव्हते. एम.बी.बी.एस. होऊन तीस वर्षे झाली, रोज नर्सच्या हातावर विसंबून काम केले, पण नर्स कशी होते याची चौकशी केली नव्हती. ती मग केली. त्या चौकशीतून जे कळले ते आज लिहीत आहे, कारण अशा प्रश्नाच्या बायाच नव्हे तर पुरुषही आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. बी.ए., बी.कॉम. झालेले, कुठे तुटपुंज्या पगारावर खाजगी शाळेत, कुठे दुकानात, कुठे पावसाच्या भरवशावरच्या शेतीत अडकलेले.

पदवीने सूट मिळते का?

सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. इंग्लंडमध्ये कोणत्याही विषयाचा पदवीधर, प्रवेशाच्या अटी पुऱ्या करीत असेल तर, साधारण दोन वर्षांत नर्स होऊ शकतो. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी बारा ते अठरा महिन्यांचे वेगवान अभ्यासक्रम आहेत. ऑस्ट्रेलियातही दोन वर्षांची सोय आहे. परदेशी गेलेला कुणी नातेवाईक हे सांगतो आणि इथल्या माणसाला वाटते, आपलीही पदवी आहे, आपलेही दोन वर्षांत होईल.

आपल्या देशात तसे नाही. येथे बी.ए. असो, बी.कॉम. असो की एम.ए. असो, नर्सिंगच्या दारात तुम्ही बारावी पासच. पदवीमुळे एक दिवसही कमी होत नाही.

दुसरा घोटाळा 'पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग' या नावाने होतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम असल्यामुळे तो पदवीनंतरचा असेल असे लोक समजतात. तो ज्यांनी आधीच जी.एन.एम. केले आहे व ज्यांची परिचारिका म्हणून नोंदणी झाली आहे त्यांच्यासाठी आहे. बी.ए. च्या प्रमाणपत्रावर तेथे प्रवेश मिळत नाही.

मग दारे किती?

नव्याने येणाऱ्यास तीन.

पहिले दार ए.एन.एम. चे. मुदत दोन वर्षे. हे फक्त स्त्रियांसाठी आहे. उपकेंद्रावर लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, घरभेटी करणाऱ्या ज्या सिस्टर आपण गावोगाव पाहतो, त्यांचे हे शिक्षण. बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण इंग्रजी विषय हवा.

दुसरे दार जी.एन.एम. चे. मुदत तीन वर्षे, त्यात शेवटी सहा महिन्यांचे प्रत्यक्ष काम. स्त्री-पुरुष दोघांसाठी खुले. हेही कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेतून करता येते. अट अशी की बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजी विषयात स्वतंत्रपणे ४० टक्के गुण असावेत. रुग्णालयातली स्टाफ नर्स, जिला सरकारी कागदात अधिपरिचारिका म्हणतात, ती बहुधा याच दारातून आलेली असते.

तिसरे दार बी.एस्सी. नर्सिंगचे. मुदत चार वर्षे. यासाठी मात्र बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे आणि राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्यांनी कला शाखेतून शिक्षण घेतले त्यांना हे दार बंद आहे. परंतु जी.एन.एम. नंतर मघाशी सांगितलेल्या पोस्ट बेसिकच्या वाटेने त्यांनाही नर्सिंगची पदवी घेता येते. म्हणजे तीन अधिक दोन अशी पाच वर्षे.

देशाच्या नर्सिंग परिषदेचा १९४७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२३ साली नवा राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे नियमांत बदल होऊ शकतात. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या मुलीने चार वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये.

वयाचे गणित

जी.एन.एम. साठी वय १७ ते ३५ ठेवलेले आहे. आमच्या बाई तेहेतीस वर्षांच्या होत्या. म्हणजे दार उघडे होते, पण फार काळ उघडे राहणार नव्हते. मी "या वयात?" म्हणून त्यांना परत पाठविले आणि त्या माझ्या शब्दावर दोन वर्षे बसून राहिल्या असत्या, तर ते कायमचे बंद झाले असते. डॉक्टरच्या एका अविचारी वाक्याने केवढे नुकसान होऊ शकते, पाहा.

गणित इथेच संपत नाही. तेहेतिसाव्या वर्षी प्रवेश, छत्तिसाव्या वर्षी शिक्षण पूर्ण. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी २०१६ पासून कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ व मागासवर्गीयांना ४३ असे आहे. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या बाईला सरकारी भरतीसाठी दोनच वर्षे हाताशी राहतात. तेवढ्या काळात जाहिरात निघेलच असे नाही. खाजगी रुग्णालयात काम मिळते, पण पगाराच्या बाबतीत सरकारी व खाजगी यांत मोठी तफावत आहे. हे सर्व आधी कागदावर मांडावे. 'सरकारी नोकरी लागेलच' हे गृहीत धरून शेतीचा तुकडा विकणे मी कुणालाही सांगणार नाही.

फसू नका

आता जे सांगतो ते या लेखात सर्वांत महत्त्वाचे आहे. 'सहा महिन्यांत नर्स व्हा', 'दहावी नापास चालेल', 'वयाची अट नाही', अशा पाट्या आपण बसस्थानकाबाहेर पाहतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी कामाला ठेवता का म्हणून आली. तिच्या वडिलांनी बैलजोडी विकून फी भरली होती. हातात सुंदर छापलेले, सोनेरी कडा असलेले प्रमाणपत्र होते. संस्थेचे नाव मी येथे घेत नाही. त्या प्रमाणपत्रावर तिची नोंदणी होऊ शकत नव्हती. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती नर्स नव्हतीच. तिचे वर्ष गेले आणि बैलही गेले.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न विचारा. एक, तुमच्या शाळेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का? दोन, परीक्षा कोण घेते? जी.एन.एम. व ए.एन.एम. ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते आणि बी.एस्सी. ची नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. 'आमची आम्हीच घेतो' असे उत्तर आले तर उठून यावे. तीन, शिकवण्यासाठी कोणते रुग्णालय जोडलेले आहे व तेथे किती खाटा आहेत? रोगी नसलेल्या इमारतीत नर्स तयार होत नाही. मान्यताप्राप्त शाळांची यादी परिषदेकडे असते, ती स्वतः पाहावी. आणि शिक्षण संपल्यावर परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय कुणीही स्वतःला नर्स म्हणवून घेऊ नये.

हलके काम?

"पदवीधर होऊन लोकांची घाण काढणार का?" असे त्या बाईंच्या भावाने विचारले होते. हा प्रश्न नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या श्रीमंत घरच्या, पुष्कळ शिकलेल्या. त्यांनाही घरच्यांनी वर्षानुवर्षे अडवून धरले. जर्मनीत जाऊन त्यांनी शिक्षण घेतले ते १८५१ साली, एकतिसाव्या वर्षी. पुण्याच्या सेवासदनाचे काम १९०९ साली सुरू झाले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात रमाबाई रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी विधवा व प्रौढ बायांना आधी लिहावाचायला शिकविले आणि त्यांतल्या काहींना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणास पाठविले. संसार मोडलेल्या बाईला नर्सिंगने उभे करणे ही महाराष्ट्रात शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

आपल्या अगदी शेजारी, जामखेडला, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. त्यांनी खेड्यातल्या अशिक्षित, पोक्त बायांना आरोग्यसेविका बनविले. आपल्या जिल्ह्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. त्या नोंदणीकृत नर्स नव्हेत, हे खरे. पण वय झालेली बाई वैद्यकातले नवे ज्ञान घेऊ शकते का, या शंकेला त्यांनी केव्हाच उत्तर दिले आहे.

आणि काम हलके की भारी, हे मी १९९३ च्या ३० सप्टेंबरला शिकलो. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर किल्लारी, सास्तूर भागातले जखमी सोलापूरला येऊ लागले. मी नुकताच एम.बी.बी.एस. ची परीक्षा दिलेला पोरगा. पायाचे हाड बाहेर आलेला रोगी समोर पाहून माझे हात थरथरत होते. तेथल्या एका वयस्कर सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "आधी नाडी बघा. मग रक्त थांबवा. हाड नंतर." पुस्तकातले मला सगळे येत होते, पण कशानंतर काय करायचे हे त्यांना येत होते. तो क्रम मी आजतागायत विसरलो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात ५९ लाख नर्सेस कमी पडत असल्याचे म्हटले होते. धाराशिवला २०२२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर वाढतील तसे हात वाढवावेच लागतील.

शरीराची तयारी

तिशीनंतर या शिक्षणाला जाणाऱ्यांनी काही गोष्टी प्रवेशापूर्वीच कराव्यात.

पहिली, रक्त तपासून घ्यावे. आपल्याकडच्या बायांत रक्त कमी असणे ही नित्याची बाब आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी लोहाच्या गोळ्या घेऊन ते वर आणावे. आठ आठ तास उभे राहावयाचे आहे. सोबत रक्तदाब, साखर व थायरॉईड पाहून घ्यावे.

दुसरी, काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस. तिचे तीन डोस असतात. पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रवेश निश्चित होण्याची वाट न पाहता सुरू करावी. शिकाऊ नर्सला सुई टोचण्याचा धोका जास्त असतो. सुई टोचलीच तर बोट दाबून रक्त काढत बसू नये, तोंडात तर घालूच नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लाजेने लपवून न ठेवता ताबडतोब वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, घ्याल तितकी उपयोगी. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

तिसरी, पाठ. रोग्याला उचलताना कमरेतून वाकू नये, गुडघ्यात वाकावे. रोगी अंगाशी जवळ घ्यावा. एकट्याने उचलण्याचे शौर्य दाखवू नये, दुसऱ्याला हाक मारावी.

चौथी, झोप. रात्रपाळी आली की दिवसा झोपणे हे कामच समजावे. खोलीत अंधार करावा, फोन दूर ठेवावा. पहाटे चारला सातवा कप चहा घेऊन सकाळी झोप येत नाही अशी तक्रार करू नये.

घराची तयारी

शरीरापेक्षा ही अवघड. तीन वर्षे घरात पगार येणार नाही. बहुतेक ठिकाणी वसतिगृहात राहावे लागते. मूल कुणाकडे राहील, त्याच्या शाळेचे काय, आजारी पडले तर रात्री कोण उठेल, हे नातेवाइकांशी तोंडावर बोलून ठरवावे. 'बघू पुढं' म्हणून निघालेली बाई पहिल्या सहामाहीतच परत येते, असे शिकवणाऱ्या मंडळींचे सांगणे आहे. दुसरी अडचण इंग्रजीची. पुस्तके इंग्रजीत असतात. बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेणाऱ्याने प्रवेशाआधी तीन-चार महिने रोज तासभर इंग्रजी वाचण्याची सवय करावी.

हे सर्व कळल्यावर मी त्या बाईंना निरोप पाठवून बोलावून घेतले. आधी माझी चूक कबूल केली. मग म्हणालो, "बारावीची गुणपत्रिका आणा." त्यांनी ती पिशवीतूनच काढली. पहिल्या वेळीही ती पिशवीत होती; मी पाहायला मागितली नव्हती एवढेच. इंग्रजीत शंभरपैकी शेहेचाळीस गुण होते. मी सिस्टरांकडे पाहिले. त्या नुसत्या हसल्या.

आज त्या बाई जी.एन.एम. च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मुलगा मामाकडे राहतो. ज्या भावाने घाण काढणार का म्हणून विचारले होते, तोच आता भाच्याच्या शाळेत पालकसभेला जातो. हे सगळे सुखाने चालले आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या परीक्षेत त्या शरीररचनेच्या विषयात अडखळल्या. मुलाला टायफॉईड झाला तेव्हा सगळे सोडून येते म्हणून माझ्यापाशी फोनवर रडल्या. साठविलेले पैसे संपत आले आहेत आणि पुढे नोकरी कोठे लागेल हे कुणी सांगू शकत नाही.

दिवाळीच्या सुटीत त्या भेटायला आल्या होत्या. सांगत होत्या, वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुली त्यांना आधी 'काकू' म्हणत. मग वॉर्डात एके दिवशी लकव्याच्या आजोबांची कूस बदलायची होती. मुली घाबरून मागे उभ्या होत्या. बाई पुढे झाल्या, खांद्याखाली व कमरेखाली हात घालून अलगद वळविले, पाठीला उशी दिली, चादरीची सुरकुती काढली. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारले, "कुठं शिकलात?" त्या म्हणाल्या, "घरी." तेव्हापासून मुली त्यांना 'ताई' म्हणतात.

ज्यांना हा प्रश्न पडला असेल त्यांनी माझ्यासारख्या डॉक्टरचे मत विचारण्याआधी बारावीची गुणपत्रिका शोधून इंग्रजीचे गुण पाहावेत आणि जन्मतारखेवरून पस्तिशीला किती महिने उरले ते मोजावे. आणि आम्हां डॉक्टर मंडळींनी, कुणी विचारावयास आले तर, आधी खुर्चीवर बसवून पिशवीत काय आहे ते पाहावे.